वाढ काय अठराव्या वर्षी थांबते होय?

यावेळी पत्रं जरा जास्तच आली आणि वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. १४ महिन्यांच्या पोरीपासून ७४ वर्षांच्या काकांपर्यंत प्रत्येकाला घरातलं कुणीतरी सांगतंय, की तुझं वागणं चुकतंय, या वयात असं नसतं वागायचं. माझं मत अगदी उलट आहे. बऱ्याचदा त्या वयात तसंच वागायचं असतं, ते त्या वयाचं कामच असतं, फक्त शेजारी बसलेल्या दुसऱ्या वयाच्या माणसाला ते दिसत नाही. म्हणून पाच पत्रं वयाच्या क्रमानं घेतलीत. नावं नेहमीसारखी गाळलीत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. माझी सुट्टी संपली, ऑफिस बाणेरला, म्हणून गेल्या महिन्यापासून तिला कोथरूडमध्येच घराजवळच्या पाळणाघरात ठेवतेय. आधी कुणाकडेही जायची, हसायची. आता मी नुसती चप्पल घातली तरी भोकाड पसरते. पाळणाघरातल्या मावशी म्हणतात तिचं लक्ष नसताना गुपचूप निघून जात जा. सासूबाई म्हणतात सारखं कडेवर घेऊन तूच लाडावून ठेवलीस. मी रोज लिफ्टमध्ये रडते आणि मग गाडी काढते. नोकरी सोडू का?

उत्तर : अगं, या कारणासाठी तरी नको सोडूस. आणि तिला लाडावलीस म्हणून ती रडतेय हे तर डोक्यातून काढूनच टाक.

बाळ चार-पाच महिन्यांचं असताना कुणाकडेही जातं, कारण तोपर्यंत माणसामाणसात फारसा फरक पडत नसतो. मग साधारण आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास त्याच्या डोक्यात दोन मोठ्या गोष्टी घडतात. एक म्हणजे आपलं माणूस कोण हे पक्कं होतं. दुसरी म्हणजे, दिसेनाशी झालेली वस्तू संपलेली नसते, ती कुठेतरी असते, हे कळायला लागतं. जाँ पियाजे नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं स्वतःच्या तीन मुलांसमोर खेळणी कापडाखाली लपवून हे बारकाईनं टिपून ठेवलं होतं (नंतरच्या लोकांनी दाखवलं की ही समज पियाजेला वाटली त्यापेक्षा लवकर येते, पण मुद्दा तोच). आता तुझ्या लेकीच्या जागी बसून बघ. आई आहे हे तिला कळतं, आई इथे नाही हेही कळतं, पण 'संध्याकाळी सहाला येते' यातलं सहा म्हणजे काय ते कळायला अजून काही वर्षं आहेत. मग ती रडेल नाहीतर काय करेल सांग.

जेरोम केगन आणि बाकी संशोधकांनी हे रडणं कुठेकुठे पाहिलं माहितीये? ग्वाटेमालात, इस्राएलच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतवस्त्यांत, जिथे मुलं आईपासून वेगळी एकत्र वाढायची, कलहारीच्या वाळवंटातल्या सान लोकांत जिथे बाळ दिवसभर आईच्या अंगावर असतं. सगळीकडे आठ-नऊ महिन्यांपुढे चढत जातं, सव्वा वर्षाच्या आसपास सगळ्यात जास्त, मग हळूहळू ओसरतं. कडेवर घेणाऱ्यांची पण रडतात आणि न घेणाऱ्यांची पण. सासूबाईंना हे सांग, पण भांडणाच्या सुरात नको, त्यांचीही मुलं याच वयात रडली असणार, फक्त तेव्हा घरात चार बायका होत्या म्हणून कुणाच्या फार लक्षात आलं नसेल.

गुपचूप निघून जाणं मात्र अजिबात नको. मला माहितीये मावशी चांगल्या मनानं सांगतात, सकाळी आठ पोरं एकदम सांभाळायची असतात त्यांना. पण गुपचूप गेलीस की ती शिकते की आई कधीही नाहीशी होऊ शकते, मग घरीसुद्धा तू बाथरूमला गेलीस तरी दाराशी बसून राहील. त्यापेक्षा रोज तोच छोटा निरोप ठेव, एक पापी, एक ठरलेलं वाक्य, हात हलवायचा आणि निघायचं. दारात दहा मिनिटं रेंगाळू नकोस, तू घुटमळलीस की तिला वाटतं इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे.

आणि जाताना ती किती रडते ते मोजू नकोस, तू परत आल्यावर ती काय करते ते बघ. मेरी एन्सवर्थ या बाईंनी आधी युगांडात कंपालाजवळ आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये आया आणि बाळांना पाहिलं, आणि त्यांचा सगळा भर यावरच होता, की दुरावा संपल्यावर बाळ आईकडे येतं का आणि तिच्याजवळ शांत होतं का. मी कर्वेनगरच्या एका पाळणाघरात दर महिन्याला जाते तिथे एक दीड वर्षाचा मुलगा होता. आईची जुनी ओढणी हातात धरून दिवसभर फिरायचा, जेवतानाही सोडायचा नाही, टोक वरणात बुडालेलं असायचं. संध्याकाळी आई आली की ओढणी जिथे असेल तिथे टाकून पळत जायचा. ते बघून मी त्या आईला म्हटलं, तुमचं छान चाललंय हो, काळजी करू नका.

चार-सहा आठवडे दे. तीन महिन्यांनंतरही ती तिथे दिवसभर खात नसेल, खेळत नसेल, तुला बघूनही तोंड फिरवत असेल, तर मग पाळणाघर बदलायचा विचार कर आणि बालरोगतज्ज्ञांशी बोल. आणि लिफ्टमध्ये येणारं रडू येऊ दे गं, तेही या वयाचंच आहे, तुझ्या.

प्रश्न : मुलगा नववीत, १५ वर्षांचा. आम्ही धायरीला राहतो. वर्षभरापूर्वीपर्यंत माझ्याबरोबर रविवारी सिंहगडला यायचा, आता खोलीचं दार लावून बसतो. विचारलं तर 'काही नाही' एवढंच. रात्री एक-एक वाजेपर्यंत जागा आणि सकाळी उठवताना युद्ध. भाजी आणायला चल म्हटलं तर सोसायटीतले मित्र बघतील म्हणून येत नाही. मी मोबाईल काढून घेतला तर दोन दिवस जेवला नाही. आमच्या वडिलांसमोर आमची मान वर करायची हिंमत नव्हती हो. हे काय आहे?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सुट्या केल्या तर निम्मा राग जाईल असं मला वाटतं.

झोपेचं आधी. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे दहाला दिवा घालवला तरी त्याला झोप येत नाही. मोबाईलनं त्यात भर पडते हे खरं, पण मूळ मोबाईल नाही. या वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि सकाळी सातच्या शाळेला ती मिळणं जवळजवळ अशक्य. आपल्याकडे २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, चांगलंच केलं, पण घड्याळ खरं सरकतं ते आठवी-नववीत, आणि त्या पोरांचा विचार कुणी करत नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही एवढंच करा, रात्री साडेदहानंतर घरातले सगळे मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, सगळे म्हणजे तुमचा पण.

भाजीचं. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये याला काल्पनिक प्रेक्षक असा शब्द वापरला. या वयात मुलाला खरंच वाटतं की सगळे आपल्याकडेच बघतायत, पिशवी कशी धरली, चालताना कसे दिसलो. त्याला तुमची लाज वाटत नाहीये, त्याला स्वतःचीच वाटतेय.

दाराचं. 'मी कोण' याचं उत्तर त्याला शोधायचंय आणि ते आईवडिलांच्या समोर बसून नाही शोधता येत, म्हणून दार. दार वाजवून आत जात जा, एवढा मान दिला तरी खूप फरक पडतो.

आणि तुमच्या वडिलांसमोरची मान. तुम्ही तेव्हा बोलला नाहीत म्हणजे तुमच्या मनात काही नव्हतं असं आहे का? खरं सांगा.

समोरासमोर बसवून 'बोल' म्हणू नका, कुठलाच पंधरा वर्षांचा मुलगा बोलणार नाही. टू-व्हीलरवर मागे बसवा, किंवा गॅस बदलताना, पंक्चर काढताना हाताशी घ्या, डोळ्याला डोळा नसला की ही मुलं बोलतात. पण त्यानं एकाएकी सगळे मित्र तोडले, आवडीचे खेळ सोडले, वजन उतरलं, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, मरणाचं बोलला, तर 'वय आहे' म्हणून सोडून देऊ नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

प्रश्न : ताई, मी २८ वर्षांचा, गाव बार्शी तालुक्यात. सहा वर्षं झाली पुण्यात एमपीएससी करतोय. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो, सकाळी सातला अभ्यासिका, रात्री अकराला रूम. तीनदा प्री निघाली, एकदा मेन्सला थोडक्यात गेलं, मग पॅटर्न बदलला. वडील काही बोलत नाहीत, महिन्याच्या महिन्याला पैसे टाकतात. गावी गेलो की लोक विचारतात 'काय साहेब, कधी'. बरोबरचे सगळे सेटल झालेत, एकाला दोन पोरं आहेत. माझ्यामुळे धाकट्या बहिणीचं थांबलंय. अजून कॉलेजचा पोरगाच राहिलोय असं वाटतं. झोप लागत नाही. सगळ्यांचं आयुष्य चाललंय आणि माझं थांबलंय.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग बाजूला ठेवून जरा वेळ नुसतीच बसले. माझं येणंजाणं त्याच भागातून असतं. रात्री साडेनऊला चहाच्या टपरीवर उत्तरतालिकेवरून वाद घालणारी पोरं, मेसचे डबे, अभ्यासिकेतल्या टेबलांवर सेलोटेपनं चिकटवलेली वेळापत्रकं, कुणाच्या टेबलावर आईवडिलांचा फोटो. तू एकटा नाहीस हे तुला माहीत असेलच, पण माहीत असून त्याचा उपयोग होत नाही हेही मला समजतं.

तुला जो त्रास होतोय त्यातला मोठा भाग एका घड्याळाचा आहे. शिकागोच्या बर्निस न्यूगार्टन यांनी त्याला सामाजिक घड्याळ म्हटलं होतं, म्हणजे कुठल्या वयात नोकरी, कुठल्या वयात लग्न, कधी घर, हे समाजानं न बोलता ठरवलेलं असतं आणि प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःला त्याच्याशी लावून बघतो, मी वेळेवर आहे की उशीर झाला. गावी 'काय साहेब, कधी' हे त्याच घड्याळाचे ठोके. पण हे घड्याळ काही निसर्गानं लावलेलं नाही, ते बदलतं. तुझ्या आजोबांच्या काळात २८ व्या वर्षी माणसाला तीन मुलं असायची आणि शिक्षण सातवी. आज तुला खुल्या प्रवर्गातसुद्धा ३८ व्या वर्षापर्यंत परीक्षा देता येते, म्हणजे सरकारचं एक घड्याळ सांगतं अजून वेळ आहे आणि पारावरचं घड्याळ सांगतं गेली वेळ, तू दोन्हींच्या मध्ये कॉटवर झोपायचा प्रयत्न करतोयस, लागेल कशी झोप.

एरिक एरिक्सन हे नाव मानसशास्त्राच्या पेपरमध्ये वाचलं असशील, जन्मापासून म्हातारपणापर्यंत आठ टप्पे सांगणारे. 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द त्यांनीच रूढ केला. हा माणूस १९०२ मध्ये फ्रँकफर्टला जन्मला, खरे वडील कोण हे त्याला आयुष्यभर कळलं नाही, शाळा झाल्यावर कॉलेजची पदवी घेतली नाही, चित्रं काढत युरोपात भटकत होता. पंचविशीत व्हिएन्नामध्ये एका छोट्या शाळेत शिकवायची नोकरी लागली आणि तिथे सिग्मंड फ्रॉइड यांची मनोविश्लेषक मुलगी अ‍ॅना हिची ओळख होऊन पुढचं सगळं घडलं. पुढे पदवी नसलेला हा माणूस हार्वर्डला प्राध्यापक झाला. तू पण हार्वर्डला जाशील असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. लिहितेय ते अशासाठी की त्या भटकण्याच्या वर्षांना त्यानं पुढे जे नाव दिलं ते तुझ्या कामाचं आहे. मोरेटोरियम. २०२० मध्ये कर्जाच्या हप्त्यांना मिळालं होतं ना, तोच शब्द. म्हणजे तरुण माणसाला समाजानं दिलेली मुदत, आत्ता लगेच हप्ता भरू नकोस, आधी शोध. पुढे जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये तरुणांशी बोलून दाखवलं, की काही जण शोधायच्या भानगडीत न पडता घरच्यांनी ठरवलेलं स्वीकारून लवकर स्थिर होतात, आणि काही जण मुदत घेऊन, चाचपडून, मग स्वतःचं ठरवतात. चाचपडणाऱ्यांना त्या काळात जास्त अस्वस्थ वाटतं. म्हणजे अस्वस्थता हा तुझ्या स्वभावाचा दोष नाही, तू जिथे उभा आहेस त्या जागेची ती हवा आहे.

आता जे तुला कदाचित आवडणार नाही ते पण लिहिते, कारण तू मला ताई म्हटलंयस. २०२० च्या त्या मुदतीत बँकेचं व्याज चालूच होतं. तुझंही चालू आहे. मुदत तेव्हाच कामाची जेव्हा आत शोध चालू असतो, आणि सहा वर्षं एकच दार ठोठावणं याला शोध म्हणायचं का, हे तू स्वतःला विचार. मी नाही विचारत, गावानं तर मुळीच विचारू नये, पण तू विचार.

वहीच्या शेवटच्या पानावर एक तारीख लिही, की अमुक परीक्षेचा निकाल लागेपर्यंत, त्यानंतर दुसरा रस्ता. तारीख तू ठरव, वडिलांना फोन करून सांग. ते काही बोलत नाहीत म्हणजे त्यांचा विश्वास आहे की त्यांना विचारायची भीती वाटते, हे तुला तरी कुठे माहितीये. बहिणीच्या लग्नाचं पण त्याच फोनवर मोकळं कर, माझ्यासाठी थांबू नका म्हणून. आणि आठवड्यातून पाच-सहा तास तरी कमाईचं काम धर, शिकवण्या घे, क्लासच्या टेस्टचे पेपर तपास, काहीही. अमेरिकेत जेफ्री आर्नेट यांनी विशीतल्या मुलामुलींना विचारलं, की माणूस मोठा झाला हे कशावरून ठरतं, तर लग्न आणि नोकरी वर आलीच नाहीत, वर आलं ते स्वतःची जबाबदारी स्वतः घेणं, स्वतःचे निर्णय स्वतः घेणं आणि स्वतःच्या पैशावर उभं राहणं. आर्नेट यांनीच २००० मध्ये १८ ते २५ च्या या मधल्या काळाला वेगळा टप्पा म्हणून मांडलं. आपल्याकडे तो टप्पा पेठेतल्या कॉटवर तिशीपर्यंत ताणला जातोय. पण तारीख ठरवणं, फोन करणं, महिन्याला तीन हजार का होईना कमावणं, हे तिन्ही पोस्ट न निघताही करता येतं. पोस्ट निघेल तेव्हा निघेल, मोठं व्हायला तिची परवानगी लागत नाही.

झोप दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस लागत नसेल किंवा जगून काय उपयोग असे विचार येत असतील, तर १४४१६ वर फोन कर. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालतं आणि मराठीत बोलता येतं. हे कर हं, वाचून सोडून देऊ नकोस.

प्रश्न : वय ५२, सहकारनगर. मुलगी जर्मनीला शिकायला गेली. ८३ वर्षांच्या सासूबाई घरी, त्यांचं सगळं मीच करते. बँकेतून मागच्या वर्षी व्हीआरएस घेतली. घर शांत आहे पण मी शांत नाही. काहीतरी करावंसं वाटतं, सगळे म्हणतात आता निवांत बसा की. कशावरून तरी एकदम घाम फुटतो, चिडचिड होते.

उत्तर : घाम आणि चिडचिडीसाठी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि थायरॉइड तपासून घ्या, सगळंच मनाच्या खात्यावर टाकू नका.

मुलं घराबाहेर पडली की बायका खचतात असं आपण धरून चालतो, पण प्रत्यक्षात अभ्यास झाले तेव्हा पुष्कळ बायकांना काही महिन्यांनी बरंच वाटायला लागल्याचं दिसलं, हातात स्वतःचा वेळ आला, नवऱ्याशी पुन्हा बोलणं सुरू झालं. तुमचा प्रश्न मला वेगळा वाटतो. एरिक्सन म्हणायचे की मध्यम वयातल्या माणसाची मुख्य भूक ही असते, की आपल्या हातून पुढच्यांसाठी काहीतरी उभं राहावं. ती भागली नाही तर माणूस आतून साचत जातो. स्वतःची मुलं वाढवून ती भागते, पण तेवढ्यानंच भागते असं नाही. गांधीजींवर अभ्यास करायला हे एरिक्सन अहमदाबादला आले होते आणि त्यांनी निवडला तो १९१८ चा गिरणी कामगारांचा संप. तेव्हा गांधीजी ४८ वर्षांचे होते. चाळिशी-पन्नाशी ही निवांत बसायची वर्षं नाहीत असंच त्यांना त्यातून दिसलं.

तुम्हाला बँक येते. वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांना हिशोब, कर्जाचे कागद, केवायसी शिकवायला आठवड्यातून दोन दुपारी पुरतात, आणि त्या दोन दुपारी सासूबाईंकडे दुसरं कुणीतरी बसेल हे घरात ठरवून घ्या. विनंती नका करू, ठरवून घ्या.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा आहे, पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली. पूर्वी सकाळी सारसबागेत आमचा पंधरा जणांचा कट्टा होता, आता मीच जात नाही, दोन जुने मित्र आहेत त्यांच्याशीच बोलावंसं वाटतं. मुलाला वाटतं मला डिप्रेशन आलंय. सूनबाई म्हणतात बाबा विसरतात, त्याच त्याच गोष्टी सांगतात. खरं आहे, मी पानशेतची गोष्ट सांगतो. १९६१ ला मी दहा वर्षांचा, आम्ही शनिवार पेठेत राहायचो. पाणी येतंय म्हणून ओरडा झाला तेव्हा आईनं चुलीवरचं भाताचं पातेलं तसंच पदरानं धरून उचललं आणि आम्ही पर्वतीकडे पळालो. परवा नातू म्हणाला, आजोबा, पानशेत झालं सांगून. तेव्हापासून मी काही बोलत नाही. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच का?

उत्तर : काका, नमस्कार. नाही, हे ते नाही, आणि ती म्हणही मला पटत नाही. अमेरिकेत सिएटलला वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये एक अभ्यास सुरू केला, दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासायचं, असं पुढे कित्येक दशकं चाललं. झटपट करायच्या गोष्टींचा वेग तरुणपणापासूनच कमी होत जातो हे त्यात दिसलं, पण शब्दसंपत्ती आणि विचारशक्ती पन्नाशी-साठीपर्यंत टिकते, कधी वाढतेही, आणि त्यानंतरची उतरण माणसागणिक फार वेगवेगळी असते. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांना ऐंशीव्या वर्षी विचारलं होतं की अजून इतकं चांगलं कसं वाजवता. तर ते म्हणाले मी कमी रचना वाजवतो, त्यांचाच जास्त रियाझ करतो, आणि वेगवान जागेच्या आधी जरा सावकाश वाजवतो म्हणजे पुढचा वेग जास्त वाटतो.

तुमच्या कट्ट्याचं मला तसंच वाटतं. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टनसन यांनी दाखवलंय, की पुढची वर्षं मोजकी आहेत असं जाणवलं की माणूस ओळखीपाळखी कमी करतो आणि जिवाभावाची माणसं धरून ठेवतो, आणि त्यात तो समाधानी असतो. पंधरातले दोन निवडलेत तुम्ही. मुलाला सांगा, त्या दोघांशी बोलताना मला बरं वाटतं का हे विचार. वाटत असेल तर बहुधा डिप्रेशन नाही. त्या दोघांचाही कंटाळा आला, जेवण जाईना, पहाटे तीनला जाग येऊन जीव घाबरा झाला, तर मात्र डॉक्टरांकडे जायचं. विसरण्याचंही तसंच. तीच गोष्ट पुन्हा सांगणं वेगळं आणि नेहमीचा घरचा रस्ता चुकणं वेगळं. दुसरं कधी झालं तर लगेच तपासणी करून घ्या.

आता पानशेत. म्हातारी माणसं जुनं का उगाळतात यावर रॉबर्ट बटलर या डॉक्टरांनी १९६३ मध्ये लिहिलं, की हे बुद्धी गेल्याचं लक्षण नाही, आयुष्याचा हिशोब लावायचं ते काम आहे आणि प्रत्येकाला ते करावं लागतं. शिवाय दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात जास्त वर येतात, पुष्कळ अभ्यासांत हे दिसलंय. १२ जुलै १९६१ ला तुम्ही बरोबर दहाचे होतात. आधी पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. ती सकाळ तुमच्या डोक्यात नाही राहणार तर कुणाच्या राहणार. एरिक्सनचे ते आठ टप्पे मी वर म्हटले ना, त्यांच्या पत्नी जोन यांनी स्वतः नव्वदी ओलांडल्यावर त्यात नववा जोडला, कारण त्या वयात पोचल्यावर त्यांना जाणवलं की ऐंशी-नव्वदीत पुन्हा सगळ्याचा नव्यानं हिशोब लावावा लागतो, शरीरावरचा विश्वाससुद्धा पुन्हा मिळवावा लागतो. म्हणजे तुमचं काम अजून बरंच बाकी आहे, गप्प बसून चालणार नाही काका.

नातवाचं मनाला लावून घेऊ नका, त्यालाही गोष्ट नको असेल असं नाही, बसून ऐकायची नसेल. एका रविवारी त्याला घेऊन शनिवारातल्या तुमच्या जुन्या घराच्या जागेपासून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत निघा, ज्या रस्त्यानं पळालात त्याच रस्त्यानं, दमलात तर अर्ध्या वाटेत रिक्षा करा. त्याच्या हातात मोबाईल असेलच, त्याला म्हणा रेकॉर्ड कर. मग तो प्रश्न विचारील, आणि प्रश्न विचारला की गोष्ट दर वेळी थोडी वेगळी बाहेर येते, तुम्हालाही माहीत नसलेलं काहीतरी आठवतं. मला तर आत्ताच एक विचारायचंय. पुढच्या पत्रात लिहा नक्की, आईनं पदरात धरलेल्या त्या पातेल्यातला भात पर्वतीवर कुणीकुणी खाल्ला?